बुरशीच्या पेशीची भित्तिका उतरवताना

बुरशीच्या पेशीभोवतालची भित्तिका मुख्यतः ग्लुकान व कायटिन या शर्करेच्या लांब साखळ्या आणि शर्करायुक्त प्रथिने यांच्या घट्ट विणीची असते. पेशीच्या आतला दाब तीच पेलते. मात्र बाहेरून डीएनए आत घालायचा असो, दोन पेशींचे मीलन घडवायचे असो, वा गुणसूत्रे अखंड बाहेर काढायची असोत, तीच आड येते. यांत्रिक मार्गाने ती फुटते खरी, पण तिच्याबरोबर पेशीही फुटते. म्हणून हे काम विकरांवर (एन्झाइमांवर) सोपवावे लागते.

१९५७ मध्ये एडी आणि विल्यमसन यांनी गोगलगायीच्या पचनरसाने यीस्टची भित्तिका विरघळवून दाखवली. आता यीस्टसाठी बहुधा झायमोलायेज हे जिवाणूजन्य विकरमिश्रण वापरतात. तंतुमय बुरशींसाठी ट्रायकोडर्मापासून मिळवलेली मिश्रणे चालतात. ट्रायकोडर्मा ही इतर बुरशींवर जगणारी बुरशी असल्यामुळे ही हत्यारे तिच्यापाशी मुळातच असतात.

भित्तिका काढणे हा त्यातला सोपा भाग; उघड्या पडलेल्या पेशीला जगवणे हे खरे कसब आहे. साध्या पाण्यात अशी पेशी पाणी शोषत फुगते आणि फुटते, म्हणून सगळी प्रक्रिया साधारण एक मोलर सॉर्बिटॉलच्या (साखरेसारख्या एका पदार्थाच्या) किंवा तशाच दाट द्रावणात करतात. यीस्टच्या बाबतीत आधी डायथायोथ्रेटॉलसारखे रसायन वापरून बाहेरच्या प्रथिनथरातील गंधकाचे बंध तोडले, की विकराला आतल्या ग्लुकानपर्यंत वाट मिळते. पेशी जोमाने वाढत असतानाच्या घ्याव्यात; वाढ थांबलेल्या यीस्टची भित्तिका विकराला सहजासहजी दाद देत नाही.

काम कितपत झाले हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. लांबट तंतूंमधून वाटोळे, नाजूक प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्तिका उतरलेल्या पेशी, बाहेर पडू लागतात. नमुन्यात पाणी मिसळताच ते पटापट फुटले, तर भित्तिका गेली असे समजावे. मात्र अधिक वेळ ठेवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण या मिश्रणांत प्रथिने पचवणारी विकरेही बऱ्याचदा असतात आणि ती पेशीपटलाला इजा करतात.

यानंतर पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि कॅल्शियम यांच्या साहाय्याने डीएनए आत शिरवतात. हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी १९७८ मध्ये याच मार्गाने यीस्टमध्ये जनुक घातले. पुढे यीस्टसाठी भित्तिका न काढताच डीएनए घालण्याच्या सोप्या पद्धती आल्या. तंतुमय बुरशींमध्ये मात्र, क्रिस्पर या जनुकांत नेमका बदल करण्याच्या तंत्राची सामग्री आत न्यायची असली तरी, प्रोटोप्लास्टचा मार्ग आजही सर्रास वापरला जातो. त्या पेशी पुढे सॉर्बिटॉलसारख्या आधारद्रव्याने युक्त माध्यमावर ठेवल्या, की त्यांतल्या काही नवी भित्तिका विणून पुन्हा वाढू लागतात.