पारखी नजर आणि पांढरा फासा

माझा मावसभाऊ सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. एप्रिल अखेरचे तीन दिवस तो कुणाच्या कामाचा नसतो, कारण अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट चालू असतो. यंदा त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "रत्नपारखी लागतो रे! आमच्या लोकांनी शर्मनला पाचव्या फेरीत उचलला होता, पाचव्या!" मावशीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. शर्मन म्हणजे त्याच्या लाडक्या सिॲटल सीहॉक्स संघाचा पुढे गाजलेला बचावपटू. तो कोण हे तिला ठाऊक नाही, पण मुलाच्या गावाचं भलं झालं एवढं तिला पुरतं. मी मात्र संख्याशास्त्र शिकवून पोट भरतो, आणि 'पारखी नजर' हा शब्द ऐकला की माझं डोकं तडकतं.

आधी खेळाविषयी दोन शब्द. हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही. इथे अकरा जण लांबट चेंडू हातात घेऊन पुढे सरकतात आणि समोरचे अकरा त्यांना अडवतात. आक्रमणाचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे असतात. व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. कॉलेजात चमकलेली पोरं त्यांच्यात वाटण्यासाठी १९३६ पासून ड्राफ्ट होतो. हल्ली त्याच्या सात फेऱ्या असतात आणि गेल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेला संघ पहिला उचलतो. आपल्या आयपीएलसारखी बोली नसते. आपला क्रमांक आला की नाव पुकारायचं. शिवाय एकूण पगारावर लीगची मर्यादा असल्याने पैसे ओतून अकराच्या अकरा हिरे विकत घेता येत नाहीत. स्वस्तात चांगली माणसं मिळवायची तर ड्राफ्टशिवाय गत्यंतर नाही.

सिॲटल सीहॉक्सची २००९ सालची कामगिरी होती ५ विजय, ११ पराभव. जानेवारी २०१० मध्ये पीट कॅरल प्रशिक्षक म्हणून आले, जॉन श्नायडर व्यवस्थापक झाले, आणि पुढच्या तीन ड्राफ्टमध्ये बचाव जवळजवळ नव्याने उभा राहिला. अर्ल थॉमस १४ व्या क्रमांकावर मिळाला, कॅम चॅन्सलर १३३ व्या, के. जे. राइट ९९ व्या, रिचर्ड शर्मन १५४ व्या, बायरन मॅक्सवेल १७३ व्या, बॉबी वॅग्नर ४७ व्या. २०१२ ते २०१५ हे सलग चार हंगाम लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी गुण देणारा संघ हाच होता. २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोर डेन्व्हर होतं, त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम करून आलेलं. निकाल ४३-८. सामनावीर ठरला माल्कम स्मिथ, २४२ व्या क्रमांकाचा, सातव्या फेरीतला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला गडी.

एवढं वाचल्यावर कुणीही म्हणेल, नजर आहे बुवा! म्हणूनच आता फासे काढा. सापशिडीचे चालतील, एक लाल आणि एक पांढरा.

लाल फासा म्हणजे मुलाची खरी गुणवत्ता. पांढरा म्हणजे बाकी सगळं: समोरचा संघ दुबळा होता का, त्या सकाळी पोट बिघडलं होतं का, स्काउट, म्हणजे संघाने खेळाडू हेरायला धाडलेला माणूस, आला त्याच दिवशी तीन चेंडू हातात येऊन पडले का. स्काउटला दोन्ही फासे वेगळे दिसत नाहीत, दिसते ती फक्त बेरीज. समजा एका मुलाची बेरीज १० आली. ती तीनच प्रकारे येते: लाल ४ पांढरा ६, दोन्ही ५, किंवा लाल ६ पांढरा ४. म्हणजे त्याचा लाल फासा सरासरीने ५. पुढच्या वर्षी तो व्यावसायिक मैदानात उतरला की लाल फासा तोच राहतो, पांढरा पुन्हा टाकला जातो, आणि पांढऱ्याची सरासरी साडेतीन. अपेक्षित बेरीज साडेआठ! सगळ्यांची सरासरी ७. मुलगा तिच्या तीनने वर दिसत होता, आता दीडने वर आहे. तो आळशी झाला नाही, पैशाने बिघडला नाही, प्रशिक्षकाने त्याचं काही वाकडं केलं नाही. आपण त्याला निवडलं तेच बेरीज मोठी म्हणून, आणि मोठ्या बेरजेत पांढऱ्या फाशाचा वाटा हमखास फुगलेला असतो.

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांवरून ही गोष्ट मांडली. उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांहून थोडी कमी. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. अमेरिकेत याच गोष्टीला शाप म्हणतात: स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेला खेळाडू पुढे घसरतो, अशी तिथे जुनी समजूत आहे. मुखपृष्ठावर येतो कधी, तर बेरीज १२ असताना. मग दुसरं काय होणार? आपल्याकडे त्याला दृष्ट म्हणतात. पोरगा दहावीच्या सराव परीक्षेत ९८ टक्के काढतो, बोर्डात ९३ येतात, आणि आजी मीठ-मोहऱ्या घेऊन उभी. मीठ-मोहऱ्यांना माझा विरोध नाही, फोडणीत घालाव्यात.

आता थोडं गणित. फाशांमध्ये परतण्याचं प्रमाण नेमकं निम्मं आलं, कारण दोन्ही फाशांचा चढउतार सारखा. सर्वसाधारणपणे, गुणवत्तेच्या प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाचा) वर्ग घ्या, त्याला गुणवत्ता आणि गोंगाट (म्हणजे पांढरा फासा) या दोन्हींच्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. हे गुणोत्तर म्हणजे मापाची विश्वासार्हता. दिसणाऱ्या आघाडीला तिने गुणलं की खरी आघाडी किती हा अंदाज मिळतो. दुसरी गंमत उमेदवारांच्या संख्येत आहे. माप घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरलेलं असेल, तर १० जणांतला सर्वोच्च सरासरीच्या सुमारे १.५४ प्रमाण विचलनं वर असतो, १०० जणांतला २.५१, १००० जणांतला ३.२४. चाळणी जितकी मोठी तितका वर निघालेला दाणा टपोरा दिसतो, पण विश्वासार्हता तेवढीच राहिली तर त्याच्या तेजातला खोटा भागही त्याच प्रमाणात वाढतो. सर्वांत वरच्या नावाबाबत सर्वांत मोठा भ्रमनिरास होणं हे गणितातच लिहिलेलं आहे.

तेलकंपन्यांना हे आधी कळलं. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी दाखवलं की समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या लिलावात जिंकते ती कंपनी, जिचा अंदाज सर्वांत जास्त चुकून फुगलेला असतो. हा विजेत्याचा शाप. आयपीएलच्या लिलावानंतर दोन महिन्यांनी एखाद्या मालकाचा चेहरा पाहिला तर तो कुणालाही ओळखता येईल.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते हे थेलर) यांनी हाच प्रश्न फुटबॉलच्या ड्राफ्टला विचारला. उचललेला खेळाडू आणि त्याच्याच जागेवर खेळणारा, त्याच्या पाठोपाठ उचलला गेलेला खेळाडू, यांतला आधीचा पुढे खरोखर सरस ठरतो का? उत्तर आलं ५२ टक्के वेळा. नाणं उडवलं तर ५०! फासे पुन्हा हातात घ्या म्हणजे नवल वाटणार नाही. एकाची बेरीज १०, दुसऱ्याची ९. दहावाल्याचा लाल फासा ४, ५ किंवा ६. नऊवाल्याचा ३, ४, ५ किंवा ६. बारा जोड्या मांडून बघा: दहावाला निम्म्या वेळाच सरस, पाव वेळा बरोबरी, पाव वेळा नऊवालाच वरचढ. प्रत्यक्षात पाठोपाठच्या दोघांत एका अख्ख्या गुणाचं अंतर तरी कुठे असतं?

तरीही वरच्या क्रमांकासाठी संघ अक्षरशः घर विकतात. १९९१ मध्ये डॅलस काउबॉइज या संघाच्या माइक मॅकॉय यांनी प्रत्येक क्रमांकाचं मोल सांगणारा एक तक्ता बनवला. त्यात पहिला क्रमांक ३००० गुणांचा, सोळावा १००० चा, बत्तिसावा ५९० चा. क्रमांकांची देवाणघेवाण आजही अशा तक्त्यांकडे बघून होते. गोम अशी की हा तक्ता आधीच्या सौद्यांवरून बनवला होता. त्या क्रमांकांचे खेळाडू पुढे कसे खेळले याचा त्यात हिशेबच नव्हता. बाजारात कांदा काल ज्या भावाने गेला तोच भाव पाटीवर लिहायचा, कांदा सडका निघाला की गोड ते बघायचं नाही. मॅसी आणि थेलर यांना तर पगार वजा जाता पहिल्या फेरीतल्या शेवटच्या खेळाडूकडून संघाला पहिल्या क्रमांकापेक्षा जास्त फायदा होताना दिसला. त्यांचे आकडे २०११ च्या आधीचे. तेव्हा पहिल्याचा पगार अवाच्या सवा असे: २०१० चा पहिला सॅम ब्रॅडफर्ड ७८ दशलक्ष डॉलरच्या करारावर आला, २०११ चा पहिला कॅम न्यूटन नव्या नियमांनी २२ वर.

मग शहाण्याने काय करावं? लाल फासा दिसत नसेल तर फासे जास्त टाकावेत. समजा उशिराच्या फेरीतला खेळाडू उत्तम निघण्याची शक्यता दहात एक आहे. एकाच नावावर भरवसा ठेवला तर १० टक्के. दहा नावं घेतली तर निदान एक तरी लागण्याची शक्यता ६५ टक्के, कारण दहाही फसण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे ०.३५. सिॲटलने तीन वर्षांत ९, ९ आणि १० अशी २८ नावं पुकारली. २०१२ मध्ये ते १२ व्या क्रमांकावरून आपणहून १५ व्यावर सरकले आणि फिलाडेल्फियाकडून ११४ आणि १७२ हे दोन क्रमांक वर मिळवले. १७२ वर आलेला जेरेमी लेन पुढे कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, म्हणून उपयोगी पडला. (फिलाडेल्फियाने १२ व्यावर उचललेला फ्लेचर कॉक्सही जबरदस्त निघाला. सौदा एकतर्फी नव्हता.) ४३ वरून ४७ वर सरकले, आणखी जादा क्रमांक घेतले, आणि तरीही ४७ ला वॅग्नर मिळाला.

रत्नपारख्यांसाठी एक छोटी नोंद. २०११ मध्ये शर्मननंतर अवघ्या दोन क्रमांकांनी, १५६ व्यावर, याच संघाने बचावाच्या मागच्या फळीतलाच आणखी एक खेळाडू उचलला. तेच स्काउट, तोच दिवस, तीच नजर. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याला नारळ मिळाला. ग्रुपवर त्याचं नाव कुणी टाकत नाही.

पण सगळंच नशीब म्हणून मोकळं होणंही चूक. सिॲटलने एक गोष्ट खरोखर हुशारीने केली, आणि ती नजरेपेक्षा मोजपट्टीची आहे. दरवर्षी इंडियानापोलिसमध्ये मुलांची चाचणी होते. तिथली प्रसिद्ध परीक्षा म्हणजे ४० यार्डांची, साधारण साडेछत्तीस मीटरची धाव. एक-दोनदा पळायचं, आणि शंभराव्या हिश्श्यांवर नशीब ठरायचं. यात पांढरा फासा केवढा! २०१२ मध्ये वॅग्नरला न्यूमोनिया झाला आणि त्याची ती चाचणीच हुकली. उंची आणि हाताची लांबी मात्र आज मोजा, ताप असताना मोजा, आकडा तोच. या मापात पांढरा फासा जवळजवळ नाहीच.

कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला राहून चेंडू झेलणाऱ्यांना रोखणारा, चपळ हवा, उंच मुलं गर्रकन वळत नाहीत, असा लीगचा सर्वसाधारण समज. त्यामुळे उंच कॉर्नर स्वस्तात पडून असायचे. कॅरल यांच्या पद्धतीत मैदानाची ४९ मीटर रुंदी खोलवर तीन पट्ट्यांत वाटलेली असते. मधल्या पट्ट्यात थॉमस (हा पाच फूट दहा इंचांचा, पण वीज), दोन कडांना कॉर्नर. कॉर्नरच्या एका बाजूला सीमारेषाच असल्याने त्याला सारखं गर्रकन वळायची गरज कमी. सुरुवातीलाच लांब हातांनी समोरच्याला अडवून धरायचं, मग त्याच्याबरोबर पळायचं. शर्मन सहा फूट तीन इंच, आणि कॉलेजात आधी चेंडू झेलणारा खेळाडू. चेंडू कुठे पडणार हे त्याला झेलणाऱ्याच्या अंगाने कळायचं. ज्या गुणाचं माप पक्कं आणि बाजारभाव कमी, तोच कामाला येईल अशी पद्धत त्यांनी आखली. २०१३ मध्ये शर्मनचा मूळ पगार ५,५५,००० डॉलर होता, या लीगमध्ये चणे-फुटाणे. वाचलेल्या पैशांतून त्याच वर्षी मायकेल बेनेट आणि क्लिफ एव्हरिल हे पुढच्या फळीतले तयार गडी विकत आणले. अख्खा बचाव काही ड्राफ्टमधून आला नाही.

२०१३ मध्ये तेच कॅरल, तेच श्नायडर. अकरा नावं पुकारली. त्यातला एकही शर्मन-वॅग्नरच्या पंगतीला बसला नाही. लोक म्हणाले, जादू ओसरली. ३२ संघांतून आपण सिॲटलची गोष्ट सांगायला घेतो ती बेरीज १२ आली म्हणूनच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट निवडताना मीही तेच केलं.

२०२२ मध्ये सिॲटलने तारिक वूलन हा कॉर्नर उचलला. पाचवी फेरी, क्रमांक १५३. सहा फूट चार इंच, आणि हाही आधी चेंडू झेलणारा. पहिल्याच हंगामात त्याने प्रतिस्पर्ध्यांचे सहा पास हिसकावले, लीगमध्ये संयुक्त पहिला. रात्री दोनला भावाचा फोन: "१५४ नंतर १५३! आता बोल!" मी म्हटलं, पुढच्या वर्षी सहा होणार नाहीत. झाले दोन.

"तुझीच दृष्ट लागली," भाऊ म्हणाला.