रेशीम म्हणजे वाळलेली लाळ नव्हे

"अहो, ती अळीची थुंकी. हवा लागली की वाळते!" सोलापूरकडे कुणाच्या तुतीच्या मळ्यात पाहुणे आले की हे ऐकायला मिळतंच. निम्मं खरंय. रेशीमग्रंथी म्हणजे बदललेल्या लाळग्रंथीच. घोटाळा आहे तो ‘वाळते’ या शब्दात.

ग्रंथीत फायब्रॉइन हे प्रथिन पाण्यात दाट विरघळलेलं असतं. अळी ते पिचकारीसारखं फेकत नाही. तोंडाखालच्या बारीक नळीतून आलेलं टोक ती चंद्रिकेला, म्हणजे कोष विणायला ठेवलेल्या चौकटीला, चिकटवते आणि डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत मागे घेते. या ओढीनं प्रथिनाचे लांबट रेणू एका दिशेला लागतात, एकमेकांना घट्ट धरतात, पाणी बाजूला पडतं आणि द्रवाचा धागा होतो. नुसत्या हवेनं हे जमत नाही, ओढ लागतेच.

दोन ग्रंथींतले २ पदर सेरिसिन नावाच्या डिंकानं एकत्र चिकटतात. कोष गरम पाण्यात टाकतात तो हाच डिंक सैल करायला. कोष पुरा व्हायला २-३ दिवस लागतात, आणि चांगल्या कोषात सलग धागा १,००० मीटरच्या आसपास निघतो.

आणि हो, सोलापुरी चादरीत हे काही शोधू नका. ती सुती!