टर्नटेबल ते प्रीअँप केबलची निवड

टर्नटेबलचा (रेकॉर्ड प्लेअरचा) सिग्नल फोनो प्रीअँपपर्यंत, म्हणजे तो बारीक सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणापर्यंत, नेणारी केबल म्हणजे बहुतेक वेळा आरसीए पिनांची एक जोडी आणि सोबत एक बारीक अर्थची वायर. दिसायला ती सीडी प्लेअरच्या केबलसारखीच, पण सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो आणि मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम कार्ट्रिज (सुईच्या कंपनातून सिग्नल तयार करणारा भाग) देतं जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट, लो आउटपुट एमसी (मूव्हिंग कॉइल) तर बहुतेक वेळा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतच. म्हणून इथे केबल कशीही चालत नाही, आणि महागडी घेतली म्हणजे झालं असंही नाही.

एमएमसाठी बघायचा आकडा म्हणजे कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, इथे पिकोफॅरडमध्ये), आणि नेमका तोच बऱ्याच पाकिटांवर छापलेला नसतो. कार्ट्रिजच्या कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) अर्ध्या हेन्रीच्या आसपास असतो, त्याला केबलचा कपॅसिटन्स मिळाला की वरच्या पट्टीत कुठेतरी रेझोनन्स तयार होतो, म्हणजे तिथला आवाज उगाच उचलला जातो. ०.५ हेन्री आणि एकूण २०० पिकोफॅरड धरले तर तो १६ किलोहर्ट्झच्या जवळ येतो, ४०० केले तर ११ च्या जवळ उतरतो, मग झांजा आणि 'स'चे उच्चार टोचायला लागतात आणि त्याच्या वरचं सगळं झपकन गळतं. लोक यासाठी सुईला दोष देत बसतात.

एकूण म्हणजे टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) वायर, केबल आणि प्रीअँपच्या इनपुटचा कपॅसिटन्स, तिन्हींची बेरीज. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेला १०० ते २०० पिकोफॅरड लागतात, ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १५० ते ३००. आता प्रीअँपमध्येच १५० असतील तर व्हीएम९५ साठी उरले फक्त ५०, आणि मीटरला १०० वाली केबल एक मीटर लावली की मर्यादा ओलांडलीच! म्हणून केबल कमी कपॅसिटन्सची घ्यावी आणि पुरेल तेवढीच आखूड ठेवावी. कपॅसिटन्स कमी पडलाच तर काही प्रीअँपमध्ये तो वाढवायचा स्विच असतो, केबलमधला जास्तीचा मात्र काढता येत नाही.

एमसीचा इंडक्टन्स फारच कमी, त्यामुळे तिथे हे गणित जवळपास गैरलागू, तिथे खरी काळजी घूं आवाजाची. आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास प्रीअँपमध्ये परत उचलणारी ठरलेली दुरुस्ती) मुळातच बास वाढवतं, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५०-६० हर्ट्झचा मेन्सचा हम सहा-सात पट मोठा होतो. शिल्ड (तारेभोवतीचं जाळीचं आवरण) दाट विणीचं हवं, पिना घट्ट बसायला हव्यात, अर्थची वायर प्रीअँपच्या स्क्रूला नीट आवळलेली हवी आणि केबल ट्रान्सफॉर्मर, अडॅप्टरपासून लांब न्यावी. कार्ट्रिज मुळात फ्लोटिंग सोर्स आहे (त्याचं कुठलंच टोक अर्थला जोडलेलं नसतं), त्यामुळे प्रीअँपला खरं बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांमधला फरकच घेणारं) असेल तर एमसीला तीन पिनांची एक्सएलआर केबल छान जमते.

टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल आणि तो चालू असेल तर बाहेर लाइन लेव्हल, म्हणजे आधीच वाढवलेला सिग्नल, येते, मग कुठलीही बरी आरसीए केबल चालते.

केबलच्या कपॅसिटन्सचा आकडा कुठेच मिळत नसेल तर तो मोजायला साधा एलसीआर मीटर पुरतो: केबल दोन्हीकडून सोडवायची, एका टोकाला मधली पिन आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये मोजायचं, डावी-उजवी दोन्ही.