पेटकरांचं सुवर्णपदक नेमकं कुठून आलं?

पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये, पोहण्यात सुवर्ण जिंकणाऱ्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट आता बहुतेकांना तोंडपाठ आहे: सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुलगा, सैन्याच्या ईएमई कोअरमधला (वाहनं-यंत्रांची देखभाल करणाऱ्या दलातला) जवान आणि बॉक्सर, 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी चाळण झालेला. गोळी मणक्याला लागली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. यापुढे जिद्दीचं वर्णन सुरू होतं. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीवर हा माणूस जगला असता का, याची मला शंका आहे.

पहिल्या महायुद्धात मणक्याला जखम झालेले बहुतेक सैनिक दगावत. मारत असे ती अंथरुणाला खिळल्यामुळे होणारी जखम, नाहीतर लघवीच्या मार्गातला संसर्ग. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल इस्पितळात अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, लघवीच्या स्वच्छतेवर काटेकोर लक्ष ठेवायचं, असे त्यांचे उपाय होते. शिवाय खेळ, आणि तोही विरंगुळा म्हणून नव्हे, उपचार म्हणून. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी 16 जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. म्हणजे या स्पर्धेचं मूळ युद्धातल्या इस्पितळात आहे.

पेटकरांचं पोहणंही असंच सुरू झालं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी इस्पितळात ते उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले. 1968 मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. परदेशी जायचा खर्च मोठा होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने तिथे हातभार लावला.

1972 चं ऑलिंपिक म्युनिकला झालं, पॅरालिंपिक मात्र हायडेलबर्गला. म्युनिकच्या क्रीडाग्रामातली घरं विकायची असल्याने तिथे सोय होणार नाही, असं कारण दिलं गेलं. अपंग खेळाडूंची पायरी कुठली, ते यात दिसलंच. पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं पदक. दुसऱ्या सुवर्णासाठी 2004 उजाडलं, देवेंद्र झाझरियांच्या भालाफेकीपर्यंत.

सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी केली. अपंगांच्या क्रीडाप्रकाराला आपल्याकडे फारशी किंमतच नव्हती, त्यामुळे अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्जही नाकारला गेला. पद्मश्री 2018 मध्ये मिळाली. जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये हाती आला, तेव्हा पेटकर ऐंशीचे होते.