रेडिओ दीर्घिकांतील धूळ व अवरक्त प्रारण

प्रबळ रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिकेच्या, म्हणजे रेडिओ दीर्घिकेच्या, केंद्रातले महाकाय कृष्णविवर सध्या किती वायू गिळत आहे, हे तिच्या रेडिओ लहरींवरून नीट कळत नाही. दोन्ही अंगांना लाखो प्रकाशवर्षे पसरलेल्या रेडिओ पुंजक्यांत जुनी साठलेली ऊर्जा असते. केंद्र थंडावले तरी ते बराच काळ चमकत राहतात. केंद्राची ताजी खबर मिळते ती त्याच्याभोवतीच्या तापलेल्या धुळीकडून.

कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूची तबकडी तापून दृश्य व जंबुपार प्रकाश देते. सिलिकेट व कार्बन यांचे धूलिकण तो शोषतात आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतात. केंद्राच्या फार जवळ धूळ टिकत नाही. सुमारे १,५०० केल्विनला कणांची वाफ होते. त्यापलीकडच्या जाड धूलिकड्याचे प्रारण मुख्यतः ३ ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीत मिळते. दीर्घिकाभर विखुरलेली थंड धूळ १०० मायक्रॉनच्या आसपास उजळते, पण तिला बहुधा नवे तारे तापवतात. म्हणून एकूण अवरक्त तेज पाहून कृष्णविवराविषयी अनुमान काढणे धोक्याचे. २००३ साली सोडलेल्या स्पिट्झर दुर्बिणीच्या वर्णपटांमुळे या दोन धुळींच्या प्रारणाची फोड करणे बरेच सोपे झाले.

हंस तारकासमूहातील सिग्नस-ए ही रेडिओ दीर्घिका हे ठळक उदाहरण. तिची जोड-पुंजक्यांची रचना १९५३ मध्ये रॉजर जेनिसन व मृणालकुमार दासगुप्ता यांनी इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथून दाखवली. दृश्य प्रकाशात तिच्यात झगझगीत क्वेसार, म्हणजे वायू गिळणाऱ्या कृष्णविवराभोवतीचे अतितेजस्वी केंद्र, दिसत नाही, कारण वाटेत धूळ आहे. तिच्या अवरक्त वर्णपटात ९.७ मायक्रॉनजवळ खळगा पडतो, तो याच आडव्या आलेल्या सिलिकेट कणांचा. क्वेसारच्या खुणा असलेल्या रुंद वर्णरेषा सापडल्या, त्याही विखुरून आलेल्या ध्रुवित (मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात. क्वेसार आणि प्रबळ रेडिओ दीर्घिका एकाच जातीच्या, फक्त आपण त्या वेगळ्या कोनातून पाहतो, असे पीटर बार्थेल यांनी १९८९ मध्ये मांडले होते. सिग्नस-ए त्यात चपखल बसते.

सगळ्याच दीर्घिका बसत नाहीत. कन्या तारकासमूहातील एम-८७ चे कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे, म्हणजे सिग्नस-ए च्या कृष्णविवराहूनही जड. तरीही तिच्या केंद्राकडून १० मायक्रॉनच्या आसपास येणारे प्रारण जवळजवळ सगळे कृष्णविवराजवळून बाहेर उसळणाऱ्या झोतातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे असते, तापल्या धुळीचे नव्हे. तेथे क्वेसार दडलेलाच नाही. वायू इतका तुटपुंजा पडतो की तेजस्वी तबकडी तयार होत नाही, झोत मात्र चालू राहतो.

याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की, सिग्नस-ए सारखेच टोकांशी उजळ पुंजके मिरवणाऱ्या कित्येक दीर्घिकांतही स्पिट्झरला मध्य-अवरक्त प्रारण अगदी क्षीण आढळले.