गव्हाण ते स्टॅकर: पोलादी सांगाड्याच्या दोन हिशोबांची पार्श्वभूमी

चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात जड माल हाताळणाऱ्या यंत्रांची ओळख साखर कारखान्यात होते. मोळ्या उचलणारा अनलोडर, ऊस आत नेणारी गव्हाण, बगॅस म्हणजे उसाचे चिपाड वाहणारे पट्टे. पलीकडे खानापूर-लोंढ्याहून घाट उतरणारा रूळ मुरगाव बंदराला जातो. तिथे खनिजाचे ढीग रचणारी (स्टॅकर) आणि उपसणारी अजस्र यंत्रे भेटतात. बेळगावात उद्यमबागेत आणि सीमेपलीकडे शिरोली, गोकुळ शिरगावात फॅब्रिकेशनची शेडे आहेत. अशा कामाचे ड्रॉइंग हातात आले की पहिला प्रश्न एकच असतो: सांगाड्याच्या ताकदीचा हिशोब जुन्या पद्धतीचा की नव्या?

जुनी म्हणजे वर्किंग स्ट्रेस. आयएस ८०० हे पोलादी बांधकामाचे भारतीय मानक १९५६ मध्ये आले, १९६२ आणि १९८४ मध्ये सुधारले, पण मूळ विचार तोच राहिला. प्रत्यक्ष येणारा भार घ्यायचा, प्रतिबल म्हणजे पोलादाच्या दर क्षेत्रफळावर येणारे बल काढायचे आणि ते परवानगीच्या आत आहे का ते पाहायचे. २५० मेगापास्कल प्रतिबलाला कायमचे ताणू लागणाऱ्या साध्या पोलादाला ताणात १५० ची परवानगी आणि वाकात १६५ ची. हे दोन आकडे एका अख्ख्या पिढीला पाठ होते. वारा किंवा भूकंप जोडीला आला की परवानगी ३३ टक्क्यांनी वाढायची.

काँक्रीट मात्र १९७८ च्या आयएस ४५६ या त्याच्या मानकापासून नव्या पद्धतीच्या, मर्यादा अवस्थेच्या, म्हणजे लिमिट स्टेटच्या वाटेला लागले होते. तिच्यात भार गुणकाने वाढवायचे, ताकद गुणकाने कमी धरायची आणि मग दोन्हींची तुलना करायची. पोलाद तिथे पोचले २००७ मध्ये. मधल्या २९ वर्षांत इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी स्लॅब एका पद्धतीने शिकला आणि त्याच इमारतीवरचा ट्रस, म्हणजे छताची पोलादी कैची, दुसऱ्या पद्धतीने.

२००७ चा निर्णय अजूनही वादाचा आहे. मर्यादा अवस्था मुख्य केली, पण वर्किंग स्ट्रेस काढून न टाकता अकराव्या विभागात ठेवली. विरोधकांच्या मते ही पळवाट होती. बाजू घेणारे साधा हिशोब पुढे करतात. नव्या पद्धतीत भार १.५ ने वाढवतात आणि पोलादाची ताकद १.१ ने भागतात, म्हणजे एकूण १.६५. जुन्यात ताणाची परवानगी ताकदीच्या ०.६ पट, तेव्हा १ भागिले ०.६, म्हणजे १.६७. ताणातल्या सरळ सळईला फरक जवळजवळ नाहीच. वारा जोडला तर वाढलेल्या परवानगीमुळे जुन्याचे १.२५ होतात, आणि नव्यात भाराचा गुणक १.२ वर येतो, म्हणजे १.२ गुणिले १.१, १.३२. उंच ट्रेसलवर, म्हणजे पोलादी घोड्यांवर, चढणाऱ्या कन्व्हेयरला हेच लागू पडते, तेव्हा नव्या पद्धतीने पोलाद नेहमी वाचते हा समज खरा नाही.

खरा गोंधळ ‘डिझाइन लोड’ या शब्दाचा आहे. यंत्र बनवणारा चाकाखालचा भार ४० टन लिहून देतो. त्याच्या भाषेत डिझाइन लोड म्हणजे धक्क्यासह प्रत्यक्ष येणारा भार. रुळाखालची तुळई बेतणाऱ्याच्या भाषेत डिझाइन लोड म्हणजे गुणक लावून झालेला भार. त्याने तो तसाच वापरला तर १.६५ ची सुरक्षितता १.१ वर येते. उलट बनवणाऱ्याने गुणक लावलेला असताना इकडे पुन्हा दीडने गुणले, तर पोलाद फुकट जाते आणि टेंडर हातचे जाते. कागदावर ‘गुणकाशिवाय’ हा एक शब्द लिहिला असता तर दोन्ही टळले असते. ज्या मानकाने दोन पद्धती शेजारी ठेवल्या, त्यानेच हा शब्द सक्तीचा करायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

आयएस ८०० मुळात सर्वसाधारण बांधकामासाठी आहे. क्रेनसारख्या गोष्टी त्यातच वेगळ्या मानकांवर सोपवल्या आहेत. माल हाताळणाऱ्या फिरत्या यंत्रांसाठी जगभर आयएसओ ५०४९ हे आंतरराष्ट्रीय मानक पाहिले जाते, १९८० चे आणि सुधारून १९९४ चे. त्याची घडण परवानगीच्या प्रतिबलाचीच आहे, पण भारांची वर्गवारी मोलाची आहे. यंत्राचे वजन, माल आणि चिकटून बसलेला थर हे मुख्य भार. चालू कामातला वारा अतिरिक्त. तुंबलेला शूट (माल खाली सोडणारी घसरण) किंवा ढिगावर टेकलेला बूम (यंत्राचा लांब हात) विशेष. मुख्य भारांना १.५ ची सुरक्षितता, अतिरिक्त भार जोडले की १.३३. ऑस्ट्रेलियाने १९९५ मध्ये स्वतःचे मानक काढून २०१७ मध्ये सुधारले, त्यात अपघाती भारांवर जास्त भर आहे.

तोलावर उभ्या यंत्रांत जुनी पद्धत कुठे फसते ते एका हिशोबात दिसते. समजा बूमच्या बाजूचा आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले अंतर, १००० टन-मीटर आणि मागच्या तोलवजनाचा ९००. खालच्या सांगाड्याला उरतात १००. दीडपट धरून तो १५० ला पुरेल असा केला. पावसाळ्यात ओली लाल माती पट्ट्याला आणि बूमला चिकटते, हे जांभ्याच्या मुलखात कुणाला सांगायला नको. बूमची बाजू फक्त १० टक्क्यांनी वाढली तरी फरक २०० होतो. वजन दहा टक्के वाढले, प्रतिबल दुप्पट झाले. मर्यादा अवस्थेत गुणक आधीच वेगवेगळे लागतात. प्रतिकूल बाजूला १.१ आणि अनुकूल बाजूला ०.९ धरले तरी हिशोब १,१०० वजा ८१०, म्हणजे २९० चा होतो. इंग्लंडात फेरीब्रिज येथे १९६५ मध्ये आठपैकी तीन शीतकरण मनोरे कोसळले. ते काँक्रीटचे होते, पण वाऱ्याची ओढ आणि स्वतःचे वजन यांच्या वजाबाकीतला धोका तिथेही हाच होता.

थकव्याला मात्र दोन्ही पद्धतींत वाढीव भार चालत नाहीत. अनलोडर दिवसरात्र मोळ्या उचलतो, आणि वेल्डचे आयुष्य ठरवताना प्रत्यक्ष येणाऱ्या भाराचीच चढउतार मोजावी लागते. त्यामुळे सगळा हिशोब नव्या पद्धतीने करणाऱ्यालाही गुणकाशिवायचे आकडे हाताशी ठेवावेच लागतात.