टॉनिकच्या बाटलीतलं मेण

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाचा बहार धरायची वेळ आली की कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर पिकावर फवारायच्या ‘टॉनिक’च्या बाटल्या पुढे येतात. त्यांतल्या काहींवर बारीक अक्षरात ट्रायकॉन्टेनॉल असं नाव असतं. हा मेदी अल्कोहोल, म्हणजे कार्बनच्या लांब साखळीचा अल्कोहोल. नाव वाचून साहजिकच प्रश्न पडतो: हे फळात उतरलं, आपल्या पोटात गेलं, तर काय?

दारूतल्या इथेनॉलमध्ये दोन कार्बन असतात, यात तीस. इथेनॉल पाण्यात सहज मिसळतो आणि रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतो. ट्रायकॉन्टेनॉल म्हणजे पांढरं, मेणासारखं घन. ते पाण्यात विरघळत नाही आणि साधारण ८७ अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या मे महिन्याचीही त्यापुढे मात्रा चालत नाही. नशेचा प्रश्नच नाही. पानांवरच्या मेणात आणि मधमाश्यांच्या मेणात ते निसर्गतःच असतं, म्हणजे भाजीपाल्याबरोबर आपण ते खातच आलो आहोत.

त्याचा संजीवक, म्हणजे पिकाची वाढ वाढवणारा, गुण १९७७ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील स्टॅनली रीस आणि सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. मुळात लसूणघास शेतात घातल्यावर पिकं अपेक्षेपेक्षा जास्त वाढत होती आणि निव्वळ नत्राच्या हिशेबात ती वाढ बसत नव्हती. शोध घेता घेता ते या मेणापर्यंत पोचले. आपल्याकडे जनावरांसाठी बांधाकडेला लावतात तोच हा घास!

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची मात्रा. बाजारातल्या ०.०५ टक्क्याच्या लिटरभर बाटलीत ट्रायकॉन्टेनॉल असतं जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तेही पंपात आणखी कितीतरी पातळ होतं. एवढ्याशा मात्रेने रोपांच्या वाढीत फरक पडल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण हे रसायन फार नाजूक आहे. त्याचाच भाऊ, २८ कार्बनचा ऑक्टाकोसॅनॉल, सोबत असला तर परिणाम दबतो. शेतावरचे निष्कर्ष ठिकठिकाणी वेगळे येतात, त्यामागे शुद्धतेचा आणि पाण्यात नीट न मिसळण्याचा मोठा वाटा आहे. म्हणून ‘दुप्पट मारलं की दुप्पट सेटिंग (फळधारणा)’ हा हिशेब इथे चुकतो. डाळिंबावरच्या तेल्या किंवा मर रोगावर तर हे औषधच नव्हे.

आता माणसाचं. आपलं शरीर मेदी अल्कोहोल स्वतःही बनवतं आणि वापरून झाल्यावर त्यांचं मेदाम्लात रूपांतर करतं. हे काम किती महत्त्वाचं आहे ते शोग्रेन-लार्सन या दुर्मिळ आनुवंशिक आजारात कळतं. त्यात रूपांतराच्या वाटेवरचं एक विकर (एन्झाइम) जन्मतः नीट काम करत नाही. मेदी अल्कोहोल साचतात, त्वचा जाड आणि खवलेदार होते, पाय ताठरतात, बौद्धिक वाढ अडखळते. बाकीच्यांच्या शरीरात हा निचरा बिनबोभाट चालू असतो.

उसाच्या कांड्यावर हाताला लागते ती पांढरी भुकटीही मेणच. त्यातून काढलेलं पॉलिकोसॅनॉल, म्हणजे मुख्यतः ऑक्टाकोसॅनॉल आणि थोडं ट्रायकॉन्टेनॉल, कोलेस्टेरॉल उतरवतं असं क्युबातल्या अभ्यासांनी सांगितलं. २००६ साली जर्मनीत १४३ रुग्णांवर १० ते ८० मिलिग्रॅम मात्रेची चाचणी झाली. रुग्णांना ते सोसलं, पण कोलेस्टेरॉल औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त उतरलं नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कुणी उसाच्या मेणाची गोळी हृदयासाठी म्हणून विकायला आलं, तर हा निकाल जरूर ऐकवावा. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यासाठी बंद करणं फार महागात पडेल.

फवारणाऱ्याने मात्र सावध राहायलाच हवं. हे मेण पाण्यात मिसळावं म्हणून बाटलीत द्रावक आणि इतर घटक घातलेले असतात. त्यांचा डोळ्यांना, कातडीला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेतच. आणि बाटलीवर ट्रायकॉन्टेनॉलची टक्केवारी व नोंदणी क्रमांक छापलेला नसेल, तर ती घेऊ नये.